बासष्ट की पासष्ट

"रोंडा, माणूस मारलाय मी. सही करायला कधी येऊ?"

बुधवारी सकाळी साडेसातला शेरीफच्या कचेरीतला फोन वाजला तो असा. डिटेक्टिव्ह रोंडा विलेटने तोंडातला डोनट कसाबसा गिळला. आवाज मर्ल हॉकनबेरीचा होता. चौऱ्याहत्तर वर्षांचा, नेमबाजीच्या रायफलींना नळ्या बसवून देणारा मिस्त्री. ओहायोत त्याच्या हाताला तोड नाही असं म्हणायचे. शुक्रवारपर्यंत म्हणायचे.

"मर्ल, कुठेही जाऊ नका आणि कुणाशी एक शब्द बोलू नका. मी येते."

"बोलायचं काय राहिलंय, बाई? सरकारी वकिलाने कागद धाडलाय. निष्काळजीपणामुळे मृत्यू. तीनपर्यंत कबुलीवर सही करा म्हणतो. करून टाकतो. एमेट गेला. आता मी बाहेर राहून काय दिवे लावणार आहे?"

फोन बंद झाला.

सही झाली की परवाना जाणार, सहा महिने तुरुंग, आणि चाळीस वर्षांचं नाव मातीत. ह्या वयाचा माणूस तुरुंगातून चालत बाहेर येईल ह्याची खात्री कुणी द्यावी? रोंडाच्या हातात साडेसात तास होते. तिने कोट उचलला.

शनिवारची गोष्ट साऱ्या गावाला तोंडपाठ होती. हॉलो रन क्लबच्या मैदानावर स्पर्धा. तिसऱ्या बाकावर एमेट ट्रॅक्सलर, एकाहत्तर वर्षांचा, मर्लचा जिवाभावाचा दोस्त. रायफलीला मर्लने बसवलेली कोरी करकरीत नळी. पहिलाच बार काढला आणि रायफल मागून फुटली. काडतुसामागचं तोंड बंद करणारा बोल्ट उडून एमेटच्या कपाळात शिरला. ॲम्ब्युलन्स पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

मंगळवारी प्रयोगशाळेचा अहवाल आला. नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायची जागा कोरतात, ते चेंबर. त्यात काडतुसाच्या मानेसाठी जागा हवी होती दोनशे पासष्ट थाऊ. निघाली दोनशे बासष्ट. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. तीन थाऊ म्हणजे डोक्यावरचा एक केस.

हसू नका. ही माणसं शंभर यार्डांवरून पाच गोळ्या एकाच भोकात घालतात, त्यांचा अख्खा संसार त्या एका केसात असतो. बार उडाला की काडतुसाची पितळी मान जराशी फुगते आणि गोळीला सोडते. फुगायला जागाच नसली तर गोळी अडते आणि आतला दाब मागे फिरतो. म्हणून चेंबर कोरायचा रीमर कुठल्या मापाचा घ्यायचा, ह्यावर दोन म्हातारे महिना महिना कॉफी ढोसत वाद घालतात. आकडा बोलताना पुढचे दोनशे मात्र गिळून टाकतात. बासष्ट. पासष्ट. बस्स.

त्या गावात कुणाच्या घरावर संकट आलं की शेजारणी जेवणाची झाकलेली भांडी घेऊन दारात उभ्या राहतात. मर्लच्या दारात चार दिवसांत एक भांडं आलं नव्हतं.

दार उघडलं जोलीनने, मर्लच्या एकुलत्या एक लेकीने. बापाबरोबर दुकानात काम करणारी, लग्न न केलेली, रोंडाच्या वर्गातली.

"अटक करायला आलीस?"

"कॉफी प्यायला आलेय. डॅड कुठायत तुझे?"

"लेथपाशी. झोपतातसुद्धा तिथेच, खुर्चीत."

मर्लने आवाजाच्या दिशेने मान वळवली. उठून तीन कप भरले. भरताना त्याने कपाच्या काठावरून एक बोट आत सोडलं होतं. कॉफी बोटाला लागली की तो ओतायचा थांबे. रोंडाने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

"एमेटने किती सांगितलं होतं?"

"पासष्ट."

"आधीच्या नळ्यांना?"

"बासष्ट. तीस वर्षं बासष्ट."

"मग ह्या खेपेला पासष्ट का?"

"त्याला हवं होतं."

"का हवं होतं, मर्ल?"

"ते त्याचं त्याच्यापाशी. मेलेल्या माणसाने विश्वासाने सांगितलेलं मी चव्हाट्यावर मांडत नसतो."

"बरं. कोरलं कुणी?"

"ह्याच हातांनी. पासष्टची डबी उचलली, कोरलं, रीमर तेलासकट परत त्याच डबीत टाकला. साफसफाई मी शनिवारी करतो. शनिवारी..." तो थांबला. "असं मला वाटतंय, रोंडा. पण माझ्या वाटण्याला काय किंमत? जुलैत एक नळी वाया घालवली मी. जोलीनने गिऱ्हाइकांदेखत दाखवून दिलं. खरंच होतं पोरीचं."

जोलीन खिडकीबाहेर बघत राहिली.

रोंडाने टेबलावरचं कामाचं कार्ड उचललं आणि त्याच्यासमोर धरलं. "हे अक्षर तुमचंच?"

मर्लने कार्ड नाकाजवळ नेलं, लांब धरलं. "माझंच."

रोंडाने कार्ड परत घेतलं. तिने त्याला मागची, कोरी बाजू दाखवली होती. पुढच्या बाजूला पेन्सिलीने, भोपळ्याएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं : मान २६५.

मग ती रीमरच्या फळीकडे वळली. बेअरिंगचा कारखाना बंद पडायच्या आधी तिने तिथल्या मापखोलीत नऊ वर्षं काढली होती. पोलिसात ती नंतर आली, पोटासाठी. हत्यार हातात आलं की तिची बोटं आपोआप कामाला लागत. फळीवर प्लॅस्टिकच्या लांबट डब्या ओळीने उभ्या होत्या आणि प्रत्येकीवर जाड काळ्या शाईने हाताएवढा आकडा काढलेला होता.

"हे आकडे कुणी काढले?"

"मी," जोलीन म्हणाली. "डॅडना सारखा चष्मा शोधायला नको म्हणून."

रोंडाने पासष्टची डबी तळहातावर उलटी केली. आधी काळ्या तेलाचा ओघळ आला, त्यात लोखंडाचा बारीक कीस चमकत होता. मग रीमर आला. त्याच्या खाचांमध्ये मधासारखं पिवळं मेण बसलेलं होतं, कारखान्यातून येतं तसं, अखंड. दांड्यावरचा आकडा इतका बारीक कोरलेला की तिला भिंग काढावं लागलं. २६५.

बासष्टची डबी आतून कोरडी ठणठणीत होती. तिच्यातला रीमर मात्र सुकत आलेल्या तेलाने चिकट होता. दांड्यावर २६२.

"शनिवारनंतर ह्यांना कुणी हात लावला?"

"कोण लावणार?" जोलीन म्हणाली. "दुकानाच्या किल्ल्या दोनच. एक डॅडची, एक माझी."

"तुला काय वाटतं, झालं कसं?"

"मला काय वाटायचंय? एमेट आयुष्यभर बासष्टच मारत आला, क्लबातल्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक आहे. दोन आणि पाच... लिहिताना होतं माणसाचं."

"कार्ड बघितलं होतंस तू?"

"नाही. कार्डं डॅड सांभाळतात."

रोंडाने दोन्ही डब्या पिशवीत घालून पिशवी बंद केली. जोलीनने कॉफीला तोंडही लावलं नव्हतं.

क्लबाचा चालक डॉयल स्टम्बो मैदानावरची निशाणं उतरवत होता. जीभ अशी की कात्रीला धार लावावी.

"आलात का? मला वाटलं तुमचं खातं दिवाळं काढून बसलंय. अजून मोकळाच आहे म्हातारा?"

"दोस्त होता ना तुझा?"

"आहेच की! म्हणून तर जीव तुटतो. त्याला दिसत नाही हे सगळ्या गावाला दिसत होतं, रोंडा. तोंडावर कोण बोलणार?"

"तू का नाही बोललास?"

"मी? माझ्या दोन नळ्या त्याच्या रांगेत होत्या!" असं म्हणून तो हसला, आणि मग त्याचं त्यालाच कसंसं झालं. त्याने टोपी काढून पुन्हा घातली.

"शनिवारी एमेटने बोल्ट कसा लावला?"

"तळव्याने थाप मारून. दोन थापा मारल्या."

"एवढा जड जातोय म्हणून कुणाला शंका नाही आली?"

"शंका कसली? आम्ही गोळी मुद्दाम लांब बसवतो, ती नळीतल्या पिळात रुतलीच पाहिजे. बोल्ट जड जाणारच. दुसऱ्या कुणाची बंदूक अशी अडली तर तो थांबेल. आम्ही? आम्ही म्हणतो, वा, छान बसली." डॉयलचा आवाज खाली आला. "मी म्हणालो त्याला. वा, एमेट, छान बसली. हे माझे त्याच्याशी शेवटचे शब्द."

बाकावर डॉयलची हत्यारांची पेटी उघडी होती. त्यात काडतुसाच्या रिकाम्या पितळी पुंगळीची मान तासून पातळ करायचं हत्यार होतं, त्याच्या मुठीवर ए. टी. अशी अक्षरं.

"हे एमेटचं?"

"ऑगस्टात आणून ठेवलं माझ्यापुढे. म्हणाला, ठेव तुला. तीस वर्षं एकेक पुंगळी स्वतः तासणारा माणूस! मी म्हटलं, बरा आहेस ना? तर म्हणे, होतो, तुझं तोंड बघेपर्यंत."

"आणि हात कुठे असायचे त्याचे, हल्ली?"

डॉयलने आठवून बघितलं. "खिशात," तो म्हणाला. "आता तू विचारतेस म्हणून सांगतो. सारखे खिशात."

कचेरीत परतून रोंडाने दोन कामं केली. एमेटच्या खिशातून निघालेली औषधाच्या गोळ्यांची बाटली घेऊन औषधवाल्याला फोन लावला. त्याने आढेवेढे घेतले, पण सांगितलं : हात थरथरण्याच्या दुखण्यावरच्या, जूनपासून चालू. मग एमेटच्या पेटीतली उरलेली काडतुसं तिने मायक्रोमीटरने मोजली. विकतच्या तयार पुंगळ्या, एकीचीही मान तासलेली नव्हती. माप दोनशे त्रेसष्ट, सगळ्यांचं.

पासष्टच्या चेंबरला त्रेसष्टचं काडतूस म्हणजे जसं हवं तसं, दोन थाऊ मोकळं. बासष्टला मात्र ते मृत्यू.

तिला उत्तर मिळालं. पण ते घेऊन जावं कुणाकडे, हे कळेना. दहा मिनिटं ती गाडीत नुसतीच बसून राहिली.

दोन वाजता मर्लने चर्चला जायचा कोट चढवला होता. दाढी करताना दोन ठिकाणी कापलं होतं. जोलीनच्या हातात गाडीची किल्ली होती.

"किल्ली ठेव, जोलीन," रोंडा म्हणाली. "मर्ल, बसा. सही करायची नाही. तुमचा हात चुकलेला नाही."

"उगाच धीर देऊ नकोस."

"धीर द्यायला आलेच नाहीये. ऐका. पासष्टच्या रीमरने आजवर लोखंडाचा कणसुद्धा कापलेला नाही. कारखान्याचं मेण अजून खाचांत आहे. नळी कोरली गेली ती बासष्टने."

"म्हणजे मी चुकीची डबी उचलली. मी सकाळपासून दुसरं काय सांगतोय?"

"चुकीची डबी उचलली असतीत तर तेल तिथेच सांडलं असतं, बासष्टच्या डबीत. ती कोरडी आहे. तेल आणि कीस पासष्टच्या डबीत आहे. तुम्ही म्हणालात तस्संच झालं. पासष्टची डबी उचललीत, आतल्या रीमरने कोरलंत, तेलासकट परत टाकलात. फक्त त्या डबीत कुणीतरी आधीच बासष्ट घालून ठेवला होता."

"पण आता तर जागच्या जागी आहेत," जोलीन म्हणाली.

"तीच तर चूक झाली. जागच्या जागी ठेवले कुणी? दांड्यावरचा आकडा मला भिंगाशिवाय वाचता आला नाही. मर्ल, तुम्हाला वाचता येतो?"

मर्लने कोटाची बटणं चाचपली.

"सकाळी मी तुमच्यापुढे कोरा कागद धरला. तुम्ही म्हणालात, अक्षर माझंच."

त्याचे कान लाल झाले. रोंडाला स्वतःची शरम वाटली, पण आता मागे फिरायला वाट नव्हती.

"एमेटचं वाईट चिंतणारं ह्या घरात कोण आहे?" मर्ल कसाबसा म्हणाला. "दर रविवारी इथे जेवायचा तो. ह्या पोरीला त्याने कडेवर खेळवलंय."

"कुणीच वाईट चिंतलं नाही. जोलीन, तू म्हणालीस कार्ड बघितलं नाही. पण लिहिताना चूक झाली असेल ही भानगड तूच काढलीस, कार्डावरचा आकडा मी वाचून दाखवायच्या आत. कार्ड बघितल्याशिवाय ते सुचत नाही. पासष्ट वाचलंस आणि तुला वाटलं, लिहिताना डॅडकडून दोनाचा पाच झाला. जुलैसारखं झालं. एमेट तर तीस वर्षं बासष्टवाला. म्हणून गुपचूप रीमर बदललास. तू चूक करत नव्हतीस. दुरुस्त करत होतीस."

जोलीनने किल्ली टेबलावर ठेवली आणि ती खुर्चीत बसली.

"तीस वर्षं," ती म्हणाली. "तीस वर्षं बासष्ट, रोंडा! मला कसं कळणार? का बदललं त्याने?"

"त्याचे हात थरथरायला लागले होते. पुंगळी तासता येईना. विकतच्या जाड पुंगळ्या वापरायच्या म्हणून मोकळं चेंबर हवं होतं. हे माहीत होतं फक्त मर्लना. कुणाला सांगणार नाही अशी शपथ घातली होती त्याने. खरं ना, मर्ल?"

मर्लने मान डोलावली.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. एकाने डोळे झाकले, एकाने हात झाकले, आणि पोरीने मायेपोटी दोघांच्या मध्ये तिसरी मूठ झाकली. तीन मुठींत एक जीव चिरडून गेला, आणि ह्यात वाईट माणूस शोधायला जावं तर सापडत नाही. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

"म्हणजे..." मर्ल सावकाश म्हणाला, "माझा आकडा बरोबर होता? पासष्टच?"

"बरोबर होता."

"आणि कोरलं पण नीट?"

"प्रयोगशाळेवाले म्हणतात, इतकं साफ चेंबर त्यांनी वर्षात पाहिलं नाही."

क्षणभर, एकच क्षण, म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. मग पलीकडे लेकीचा हुंदका ऐकू आला आणि ते सगळं विझलं.

"मला विचारलं का नाहीस, पोरी?"

"विचारलं असतं तर तुम्हाला कळलं असतं, मला ठाऊक आहे ते. तुमच्या डोळ्यांचं. जुलैत तुम्ही दोन दिवस जेवला नव्हता, डॅड."

"मला माहीत होतं तुला ठाऊक आहे ते. डब्यांवर एवढाले आकडे कोण कुणासाठी काढतं?"

"आणि मग चार दिवस?" रोंडाला विचारावंच लागलं. "चार दिवस बापाला जळू दिलंस?"

"शनिवारी एमेट गेल्याचा फोन आला तशी आधी धावत जाऊन रीमर जागेवर ठेवले. का, ते अजून सांगता येत नाही मला. मग डॅड म्हणाले, माझ्या हातून झालं. मी नाही म्हणाले नाही. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगायचं. आजही गाडीत सांगणार होते. खोटं वाटेल तुला."

रोंडाला खोटं वाटलं नाही. पण खरं वाटून तरी काय उपयोग होता?

मर्लने कोटाच्या खिशातून वकिलाचा कागद काढला. "पेन दे. तीन वाजायचेत अजून."

"मर्ल, ह्या सहीला आता अर्थ राहिला नाही."

"तू दिलास तर राहील. ती डबी पुसायला एक फडकं पुरे. माझं काय उरलंय? हिच्यापुढे अख्खा जन्म पडलाय. तुझ्या वर्गात होती ना गं ही?"

पिशवी रोंडाच्या गाडीत होती. फडकं समोरच्या टेबलावर होतं. तिने त्या फडक्याकडे बघितलं, हे तिने पुढे कधी कुणाला सांगितलं नाही.

"पुरे, डॅड," जोलीन उठली. तिने ॲप्रन सोडून खुंटीला अडकवला. "माझ्या चुकीसाठी तुम्ही आत गेलात तर मी बाहेर राहून तुमच्या तोंडाकडे कशी बघू? चल, रोंडा."

तिने कचेरीत दीड पान लिहून दिलं, एका दमात, न खोडता. सरकारी वकील म्हणाला, पुरावा लपवल्याचं कलमही लागेल, माझ्या हातात नाही. साडेपाचला रोंडा पुन्हा दुकानाच्या दारात उभी होती, मर्लचा जबाब घ्यायला. तो त्याच खुर्चीत होता, कोट अंगावर तसाच. दिवा लावलेला नव्हता. त्याला त्याने काही फरक पडत नसावा.

"तिने लिहून दिलेलं आणलंयस?" त्याने विचारलं.

"आणलंय. पण मर्ल, आज नको."

"वाच. मला दिसत नाही, रोंडा." चौऱ्याहत्तर वर्षांत हे वाक्य त्याने पहिल्यांदाच कुणापुढे उच्चारलं असेल. "मला वाचून दाखवणारी आता इथे नाही."

रोंडाने दिवा लावला आणि वाचायला सुरुवात केली. तो मान खाली घालून ऐकत होता. 'मला वाटलं डॅडना दिसलं नसेल,' ह्या ओळीवर त्याने हात वर केला.

"तेवढंच पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं. थोड्या वेळाने त्याने तिसऱ्यांदा वाचायला सांगितलं, आणि तिने तेही वाचलं.